नवा हेडफोन घेण्याआधी ड्रॉवर उघडा

डोंबिवलीहून रोज लोकलने सीएसएमटीला जाणाऱ्या एका नोकरदाराचा प्रश्न आहे: ‘तीन वर्षांत दोन स्वस्त वायरलेस झाले. बड्सच्या उजव्या कानाचा आवाज बसला. नेकबँड नवा फोन घेतल्यापासून चार्जच होत नाही. शिवाय लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात. आता दोन हजारांत तिसरा घेऊ, की पैसे साठवून एकदाच दहा हजारांचा घेऊ?’

आधी ते दोन्ही ड्रॉवरमधून बाहेर काढा. फेकले नसतील तर. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला दोन्ही जिवंत वाटतात.

मी पुण्यात पासोड्या विठोबाजवळ दुरुस्ती करतो. टेपरेकॉर्डरची हेड स्पिरिटने पुसण्यापासून हाताला वळण लागलं, मग मोबाइल आले, आणि गेली काही वर्षं टेबलावर निम्मा माल हेडफोनचाच असतो. हे जे सांगतोय ते उघडून बघितलेल्या मालावरून. खोक्यावर काय छापलंय त्याच्याशी माझा फारसा संबंध येत नाही. खोकं माझ्यापर्यंत येतच नाही.

नेकबँडचं आधी सांगतो, कारण तिथे बहुधा खर्च शून्य आहे. नव्या फोनबरोबर आलेल्या केबलीची दोन्ही टोकं सारखी असतील, म्हणजे सी टू सी. घरात एखादी जुनी केबल असेल, एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला सी. ती शोधा, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावा आणि अर्धा तास नेकबँडला हात लावू नका. दिवा लागला तर तुमची तक्रार मिटली.

यामागचं कारण मजेशीर आहे. सी टू सी केबलीतून चार्जर आपणहून वीज सोडत नाही. पलीकडे कोणी घेणारं आहे का, हे तो आधी चाचपतो. त्याला ‘हो, आहे’ असं कळावं म्हणून हेडफोनच्या बोर्डावर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे बारीकसे भाग, लागतात. किंमत काही पैसे. स्वस्त मालात नेमके हेच दोन गाळतात. चार्जरला वाटतं पलीकडे कोणी नाही, तुम्हाला वाटतं बॅटरी गेली, आणि माल ड्रॉवरमध्ये जातो. जुन्या केबलीत ही विचारपूस नसते. लावली की ५ व्होल्ट हजर.

मागच्या दिवाळीच्या आधी एक काका कापडी पिशवीत तीन नेकबँड घेऊन आले. एक मुलाचा, एक सुनेचा, एक त्यांचा स्वतःचा. तिन्ही मेलेले. मी टेबलावरची काळी केबल उचलली. पहिल्याचा दिवा लागला. दुसऱ्याचा लागला. तिसऱ्याला दोन मिनिटं लागली, मग तोही लाल झाला. काकांनी आधी माझ्याकडे संशयाने बघितलं, मग केबलीकडे. ‘किती द्यायचे?’ म्हटलं, केबल नेत असाल तर साठ. त्यांनी पन्नास दिले आणि केबल घेऊन गेले.

एक सावधगिरी मात्र घ्या. कित्येक महिने रिकामा पडलेला सेल खोल उतरलेला असतो. लिथियमचा सेल भरला की ४.२ व्होल्टचा होतो, आणि पडून पडून ३ च्या बराच खाली गेला की त्याचं संरक्षक सर्किट त्याचा बाकी बोर्डाशी संबंध तोडून टाकतं. काही सेल अर्ध्या तासाच्या बारीक चार्जिंगवर उठतात, काही उठत नाहीत. पण नेकबँडचा जाड भाग फुगीर दिसत असेल किंवा चार्जला लावल्यावर तापत असेल, तर लगेच काढा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. सेल बदलून मिळतो. नेकबँडमध्ये साधारण १५० ते २०० एमएएचचा (सेलात किती वीज मावते त्याचं हे माप) बसतो आणि काम पंधरा मिनिटांचं असतं.

आता बड्स. ‘आवाज बसला’ म्हणजे गेला नाही, बारीक झाला, असंच ना? मग दहातले सात वेळा तो कानातला मळ असतो. लोकांना हे सांगितलं की ओशाळतात. ओशाळण्यासारखं काही नाही, कान आहे तर मळ आहे. एकदा एका कॉलेजच्या मुलीचा बड मी भिंगाखाली धरला आणि तिलाच बघायला सांगितलं. रबर काढल्यावर नळीच्या तोंडाशी धातूची बारीक जाळी असते, छिद्रं सुईच्या टोकाएवढीही नसतात. निम्मी जाळी पिवळसर मेणाने लिंपलेली. जशी चहाची गाळणी बरेच दिवस धुतली नाही की होते तशी. ती ‘ई’ म्हणाली आणि पुढची पाच मिनिटं स्वतःच घासत बसली.

घरी करायचं ते असं. रबर काढा, ते साबणाच्या पाण्यात टाका. बड असा धरा की जाळी जमिनीकडे राहील, म्हणजे निघालेला मळ आत न जाता खाली पडेल. मऊ, कोरड्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. तरीही चिकटून राहिला तर कान पुसायच्या काडीचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे लवकर उडून जाणाऱ्या स्पिरिटमध्ये, नुसता ओलसर करा, पिळून घ्या, आणि जाळीवर टेकवा. पुन्हा ब्रश. टाचणी अजिबात घालू नका. जाळीच्या मागे काही मिलिमीटरवर आवाज काढणारा नाजूक पडदा असतो. टाचणीने मळही जातो आणि पडदाही.

घासूनही फरक पडला नाही तर फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेचा (ॲक्सेसिबिलिटी) भाग उघडून डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी मध्यावर आहे ना ते बघा. पोरांच्या हातात फोन गेला की ती सरकलेली असते. मग फोनमधून बड्सचं नाव पुसून नव्याने जोडा. आणि डबीतल्या सोनेरी पिना पुसा. घामाच्या मिठाने त्यांवर हिरवट थर येतो, मग त्या बाजूचा बड रात्रभर अर्धवट चार्ज होतो आणि सकाळी दुसऱ्याच्या आधी मान टाकतो. एवढं करूनही उजवा मुका राहिला, तर मात्र त्याला निरोप द्या. बड्स गोंदाने बंद केलेले असतात. उघडताना कवच फुटतं, आणि मजुरी नव्या जोडीच्या निम्म्यावर जाते. मी स्वतः हे काम घेत नाही.

मीटिंगच्या डब्यासारख्या आवाजाबद्दल. हा दोष हेडफोनचा नाही आणि दहा हजारांच्या हेडफोनलाही तो थोडाफार लागतोच. गाणं ऐकताना ब्लूटूथ सगळा रस्ता एकाच दिशेला वापरतं, फोनकडून कानाकडे. माइक चालू झाला की तोच रस्ता दुहेरी होतो, टेलिफोनसारखा. मग आवाजाचे नमुने सेकंदाला ४४,१०० ऐवजी १६,०००, आणि जुन्या पद्धतीत फक्त ८,००० घेतले जातात. ८,००० मध्ये त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं, तीक्ष्ण आवाजाचं काही मावतच नाही. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक तिथेच असतो, म्हणून माणसं बोबडी वाटायला लागतात.

उपाय फुकटातला आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन राहू द्या. ब्लूटूथला माइक मागितलाच नाही की रस्ता एकेरी राहतो आणि आवाज स्वच्छ येतो. खोलीत मिक्सर चालू असेल तर लॅपटॉपचा माइक तोही पकडेल, ती किंमत आहे. माझा भाचा घरून काम करतो. त्याने वर्षभर हेडफोन बदलून बघितले, सेटिंग नाही बदलली.

आता खरेदी. जुने दोन उठले तरी तुम्हाला नवा घ्यायचा असणारच, मला माणसं कळतात.

स्वस्त वायरलेसमध्ये आवाज आता बऱ्यापैकी बरा झालाय. हजार-दीड हजाराच्या मालाचा आवाज ऐकून कोणी परत आलंय, असं माझ्याकडे क्वचित होतं. येतात ते बॅटरी, तार, बिजागरी, घाम आणि पॅड घेऊन. म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो, तुमच्याकडे तो कशाने मरणार? तुमच्याकडे उत्तर सरळ आहे. लोकल, गर्दी, घाम, पाऊस.

बड्स आणि नेकबँड यांच्या बॅटरीचं गणित मांडून बघा. बडमध्ये ३५-४० एमएएचचा सेल, पाच-सहा तास चालतो. तुम्ही जाऊन-येऊन तीन तास वापरलात तर रोज निम्मी बॅटरी उतरून पुन्हा भरते, म्हणजे अर्धं चक्र, वर्षाला १८० च्या आसपास. नेकबँड एका चार्जवर वीस तास चालला तरी तीन तासांच्या हिशेबाने आठवड्यातून एकदा लावावा लागतो, म्हणजे वर्षाला साधारण पन्नास चक्रं. असे सेल ३०० ते ५०० चक्रांनंतर थकायला लागतात. त्यातून बड्स डबीत गेले की सतत शंभर टक्क्यांवर ताटकळतात, आणि भरलेला सेल उष्णतेत ठेवणं त्याला मानवत नाही. दोन वर्षांनी बड्स अडीच तासांवर आलेले असतात आणि नेकबँड अजून रविवार ते शनिवार काढतो, यात जादू काही नाही.

शिवाय दादरला गर्दीत बड कानातून निसटला तर तो वाकून शोधणारा माणूस मी अजून बघितला नाही. नेकबँड गळ्यात राहतो. तेव्हा प्रवासासाठी माझं मत नेकबँडला, हजार ते पंधराशेच्या मधला. बोट, नॉइज, रियलमी, वनप्लस, यातला कोणताही. मी नावावर भांडत नाही, कारण या भावात आतले भाग एकमेकांचे चुलतभाऊच असतात. उरलेल्या पैशांत चारशे-पाचशेचा माइकवाला साधा वायरचा इयरफोन घेऊन ऑफिसच्या बॅगेत टाका. महत्त्वाच्या मीटिंगला तोच लावा. त्याला चार्जिंग नाही, जोडणी नाही आणि डब्याचा आवाजही नाही.

नेकबँडची दुखरी जागा एकच. बारीक तार जिथे जाड पट्टीतून बाहेर पडते आणि जिथे कानाच्या बोंडात शिरते ती दोन टोकं. आत केसासारख्या लाखेच्या तारा असतात, वाकून वाकून तुटतात. कानातून काढताना बोंड धरून काढा, तार ओढू नका. आणि फोनभोवती गुंडाळून खिशात कोंबू नका. माझ्याकडे येणारे निम्मे नेकबँड गुंडाळूनच मेलेले असतात.

खोक्यावरच्या शब्दांत एक जोडी लोकांना हमखास फसवते: एएनसी आणि ईएनसी. एएनसी तुमच्या कानासाठी. बाहेरचा गोंगाट माइकने ऐकून त्याच्या उलटी लाट कानात सोडतं. ईएनसी समोरच्या माणसासाठी. तुम्ही फोनवर बोलताना मागचा गलका त्याला कमी जावा म्हणून. स्वस्त खोक्यावर ईएनसी मोठ्या अक्षरात असतं आणि घेणारा समजतो गाडीचा आवाज बंद होणार. होत नाही. खरं एएनसीसुद्धा पंख्याची घरघर, एसटीच्या इंजिनाचा घुमारा, रुळांचा खालचा आवाज असं एकसुरी काही कापतं. शेजारच्याचं भांडण किंवा ‘पुढील स्टेशन’ ते कापत नाही. दाराशी उभे राहिलात तर वारा माइकवर आपटून उलट फडफड वाढते. या पैशात मी एएनसीसाठी तीनशे जास्त देणार नाही. त्याऐवजी सोबत आलेल्या तीन मापांची रबरं घालून बघा. बहुतेक जण मधल्या मापावर जन्म काढतात. कान नीट बंद झाला तर निम्मा गोंगाट तिथेच थांबतो.

आणि हे फक्त सोयीचं नाही. लोकलचा आवाज झाकायला माणूस आवाज वाढवत जातो, उतरल्यावर कमी करायला विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं. ९० वर गेलात तर आठवड्याला फक्त ४ तास. तुमचा प्रवासच आठवड्याला पंधरा-अठरा तासांचा. घरी शांत खोलीत जी पट्टी तुम्हाला मोठी वाटते, तिच्या वर गाडीतही जाऊ नका. रूळ ओलांडताना आणि दुचाकीवर कान मोकळे, हे मी सांगायला नको.

पाण्याचं छापील वर्णनही जरा समजून घ्या. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी साध्या पाण्यात होते, घामात नाही. आणि जवळजवळ सगळ्या वॉरंटीतून पाणी गेल्याचं नुकसान वगळलेलं असतं. जुलैत गळ्यात भिजलेला नेकबँड ऑफिसला पोचल्यावर लगेच चार्जला लावायचा नाही. आधी कोरड्या फडक्याने पुसून, चार्जिंगचं बूच उघडं ठेवून पंख्याखाली. ओल्या पिनेवर वीज आली की ती रात्रीत काळी पडते.

दहा हजारांचा का नको? नको असं नाही, तुमच्या रोजच्या वाटेला नको. कानावर बसणारा मोठा हेडफोन घरात, रात्री, पंख्याखाली सुंदर लागतो. मे महिन्यात डोंबिवलीच्या फास्टमध्ये तो कानाचं भजं करतो. शिवाय त्याच्या गाद्या. माझा स्वतःचा दीड हजारांचा मोठा हेडफोन आहे, २०२२ च्या दसऱ्याला घेतलेला, टेबलावर काम करताना रोज चार तास डोक्यावर. आवाज आजही तसाच आहे, बॅटरी थोडी उतरलीय, पण दुसऱ्याच पावसाळ्यात गाद्यांचं रेक्झिन फुटलं आणि कानाभोवती काळे पापुद्रे चिकटायला लागले. बायको म्हणाली, कानाला कोंडा झालाय. दमट हवेत ते रेक्झिन असंच सुटतं. अडीचशेत नव्या गाद्या बसवल्या, वर जुन्या सुती बनियनच्या कापडाच्या खोळी शिवल्या. पैसे वाढवायचेच असतील तर चार-साडेचार हजारांच्या आसपास सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० सारखा माल असतो, वजन १४७ ग्रॅम, कंपनी एका चार्जवर ५० तास सांगते. पण त्यात एएनसी नाही आणि वायर लावायची जागाही नाही, हे माहीत असून घ्या.

आवाजाबद्दल एकच गोष्ट सांगतो, ती मात्र माझ्या कानाची आहे. या भावातले सगळे हेडफोन नाचाच्या गाण्यांवर जुळवलेले असतात. शास्त्रीय लावलं की डग्गा घुमत राहतो आणि मागचा तानपुरा त्यात बुडतो. ढोलकीवर लगेच कळतं: डाव्या तोंडाचा, म्हणजे धुमेचा घुमारा भरपूर, उजव्या, शाईच्या बाजूची चाट बोथट. फोनच्या इक्वलायझरमध्ये डावीकडच्या पहिल्या दोन पट्ट्या, ६० आणि १२५ च्या आसपासच्या, तीन-चार डेसिबलने खाली ओढा. तानपुरा वर येतो. बाकी पट्ट्यांना हात लावू नका, लोक तिथे दोन्ही टोकं वर आणि मधल्या पट्ट्या खाली असा इंग्रजी व्ही काढतात आणि मग डोकं दुखतं म्हणतात. ब्लूटूथ ५.० आहे की ५.३ यावरून आवाज ठरत नाही. ४० एमएमच्या ड्रायव्हरवरूनही, म्हणजे आतल्या स्पीकरच्या मापावरूनही, नाही. सिनेमा बघताना ओठ आणि आवाज जुळतात, कारण ॲप चित्र मागे ठेवून सांभाळून घेतं. खेळात आणि हार्मोनियमच्या ॲपवर ते जमत नाही, पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो. घरात कोणी शिकत असेल तर त्यांना वायरवालाच द्या.

गाडीत आवाज तुटत असेल तर आधी फोनचा खिसा बदलून बघा. ब्लूटूथची लहर २.४ गिगाहर्ट्झची, ती पाण्यात मुरते, आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. मागच्या खिशातला फोन आणि पुढे वळलेली मान यांच्यामध्ये तुम्ही स्वतः उभे असता. घरी तुटत असेल तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाका.

घेताना खोक्यावर दोन गोष्टी वाचा. निर्मितीचा महिना आणि वर्ष, कारण सेल दुकानात पडूनही म्हातारा होतो. वर्षाहून जुना माल सवलतीत मिळत असेल तर का मिळतोय ते ओळखा. आणि आर या अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. ५,९९० वर काट मारून ९९९ लिहिलेलं असेल तर ती ८३ टक्के सूट नाही, ती ९९९ रुपयांचीच वस्तू आहे.

पहिल्या आठवड्यात सगळं तपासून घ्या: दोन्ही कान, माइक, सी टू सी केबलीवर चार्ज होतो का, पूर्ण भरल्यावर खरंच किती तास जातो. बदलून मिळायचे दिवस थोडेच असतात. आणि दुकानातून घेतलात तर बिलाचा त्याच दिवशी फोटो काढा. ते गुळगुळीत कागदावरचं छापील बिल पाकिटात काही महिन्यांत कोरं होतं. वॉरंटीच्या अकराव्या महिन्यात माझ्यासमोर पांढरा कागद धरून ‘यावर तारीख होती हो’ म्हणणारी माणसं मी दर आठवड्याला बघतो.